मिश्रणाची गणितं: दोन खाती मांडा, समीकरणं त्यातूनच निघतात

म्हशीचं दूध ६ फॅटचं, म्हणजे त्यात ६ टक्के फॅट, आणि गायीचं ३.५ फॅटचं. दोन्ही मिसळून ४.५ फॅटचं ५० किलो दूध तयार करायचं आहे. कोणतं किती घ्यावं?

दहावीच्या मुलांसमोर हे गणित फळ्यावर लिहिलं की लगेच दोन उत्तरं येतात. कोणी म्हणतं निम्मं-निम्मं, पंचवीस-पंचवीस. कोणी ६ आणि ३.५ ची बेरीज करून ९.५ लिहितं आणि तिथेच थांबतं. आकडेमोड या दोघांनाही चांगली येते. समीकरणं तयार करून दिली तर चलाचा लोप करून, म्हणजे दोनपैकी एक अज्ञात संख्या घालवून, ती दोन मिनिटांत उत्तर काढतात. अडतात ती शब्दांपासून समीकरणापर्यंत येताना, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवणार आहे. दहावीची मुलं, त्यांना घरी शिकवणारे पालक आणि बऱ्याच वर्षांनी स्पर्धा परीक्षेसाठी गणिताचं पुस्तक उघडलेले, सगळ्यांनाच याचा उपयोग होईल.

गणितातले आकडे मी मनाने घेतलेले नाहीत. आपल्याकडे दुधाचे दर ठरतात तेव्हा गायीच्या दुधासाठी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), म्हशीच्या दुधासाठी ६ फॅट आणि ९ एसएनएफ हा आधार धरतात. आणि पिशवीवर ‘प्रमाणित दूध’ लिहिलेलं असतं त्यात किमान ४.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ असावं लागतं. म्हणजे डेअरीत हे गणित रोज खरोखर सोडवलं जातं.

टक्के ओतता येत नाहीत

आधी एक गोष्ट पक्की करू. दोन कॅनमधलं दूध तिसऱ्या कॅनमध्ये ओतलं तर दुधाच्या किलोंची बेरीज होते. दुधातल्या फॅटच्या किलोंचीही बेरीज होते, कारण फॅट कुठे उडून जात नाही. टक्क्यांची मात्र बेरीज होत नाही. ६ टक्के म्हणजे शंभर किलो दुधात सहा किलो फॅट. ते फक्त प्रमाण आहे, पदार्थ नव्हे. एका वर्गात ६० टक्के मुली आणि दुसऱ्यात ५० टक्के, म्हणून दोन्ही वर्ग एकत्र बसवल्यावर ११० टक्के मुली होत नाहीत, हे लहान मुलालाही पटतं. दुधाचंही तसंच.

म्हणून प्रत्येक मिश्रणाच्या गणितात दोन खाती असतात, असं मी सांगते. एक मालाचं खातं: एकूण किती किलो, किती लिटर, किती ग्रॅम. दुसरं घटकाचं खातं: त्या मालात आपल्याला मोजायची गोष्ट (फॅट, शुद्ध सोनं, मीठ, आम्ल) प्रत्यक्ष किती आहे. दोन्ही खात्यांत नियम एकच: जे ओतलं त्याची बेरीज, आणि जे तयार झालं ते त्या बेरजेइतकंच. दोन खाती म्हणजे दोन समीकरणं. अज्ञात संख्याही दोन. गणित सुटतं.

पहिली पायरी: अज्ञात संख्या नीट लिहा

पाठ्यपुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरं असतात. इथे मी क्ष आणि य वापरते, तुम्ही हवी ती वापरा. पण ‘क्ष = म्हशीचं दूध’ असं लिहू नका. क्ष म्हणजे दूध की दुधाचा भाव की दुधातलं फॅट? चार ओळींनंतर तुमचं तुम्हालाच आठवणार नाही. असं लिहा:

समजा, म्हशीचं दूध क्ष किलो घेतलं आणि गायीचं दूध य किलो घेतलं.

‘किलो’ हा शब्द ठेवलाच पाहिजे. वहीत चुकलेली उदाहरणं मी परत तपासते तेव्हा बरीचशी चूक या एका ओळीत सापडते.

दुसरी पायरी: तक्ता

तीन ओळी आणि तीन रकाने आखा. ओळी: पहिला माल, दुसरा माल, मिश्रण. रकाने: माल किती, शेकडा किती, घटक किती. तिसरा रकाना पहिल्या दोघांच्या गुणाकारातून येतो.

| | माल (किलो) | फॅट (टक्के) | फॅट (किलो) |
|---|---|---|---|
| म्हशीचं | क्ष | ६ | ०.०६क्ष |
| गायीचं | य | ३.५ | ०.०३५य |
| मिश्रण | ५० | ४.५ | २.२५ |

आता पहिला रकाना वरून खाली वाचा. हे मालाचं खातं:

क्ष + य = ५०

तिसरा रकाना वरून खाली वाचा. हे घटकाचं खातं:

०.०६क्ष + ०.०३५य = २.२५

मधला रकाना वरून खाली वाचायचा नाही. त्याचं काम फक्त गुणण्यापुरतं. मुलांना मी मधल्या रकान्याभोवती पेन्सिलने चौकट काढायला लावते, म्हणजे बेरीज करताना हात तिकडे जात नाही.

तिसरी पायरी: दशांश घालवा आणि सोडवा

दुसऱ्या समीकरणाला १०० ने गुणलं की ६क्ष + ३.५य = २२५. पुन्हा २ ने गुणलं की १२क्ष + ७य = ४५०. आता दशांशचिन्ह राहिलं नाही. पहिल्या समीकरणाला ७ ने गुणा: ७क्ष + ७य = ३५०. वजा करा:

५क्ष = १००, म्हणून क्ष = २०, आणि य = ५० − २० = ३०.

म्हशीचं दूध २० किलो, गायीचं ३० किलो.

परीक्षेत क्रेमरची पद्धत विचारली असेल तर क्ष + य = ५० आणि ६क्ष + ३.५य = २२५ घेऊन निश्चयक (चार संख्यांच्या तिरप्या गुणाकारांतला फरक) मांडा. मुख्य निश्चयक (१ × ३.५) − (१ × ६) = −२.५. क्ष चा निश्चयक (५० × ३.५) − (१ × २२५) = −५०. य चा निश्चयक (१ × २२५) − (५० × ६) = −७५. भागाकार केला की पुन्हा २० आणि ३०. पद्धत कोणतीही घ्या, समीकरणं बरोबर असली की उत्तर एकच येतं. रोजच्या कामासाठी मला लोपाची पद्धत जवळची वाटते, कारण तिच्यात चिन्हाची चूक लवकर दिसते.

चौथी पायरी: ताळा, समीकरणात नव्हे तर गणितात

उत्तर समीकरणात घालून पाहणं पुरेसं नाही. समीकरणच चुकीचं असेल तर चुकीचं उत्तरही त्यात बरोबर बसतं. ताळा मूळ वाक्याशी करायचा. २० किलो म्हशीच्या दुधात फॅट १.२ किलो. ३० किलो गायीच्या दुधात १.०५ किलो. एकूण २.२५ किलो. ५० किलोचे ४.५ टक्के म्हणजे २.२५ किलो. जमलं.

डेअरीवाला इथे थांबणार नाही, तो एसएनएफही बघेल: १.८ किलो अधिक २.५५ किलो म्हणजे ४.३५ किलो, ५० किलोत ८.७ टक्के. ८.५ च्या वर, म्हणजे दूध प्रमाणित म्हणून चालेल.

आकडेमोडीच्या आधीही एक अंदाज घ्यायची सवय लावा. मिश्रणाचे टक्के नेहमी दोन मालांच्या मध्ये असतात. ४.५ हे ३.५ च्या जवळ आहे, ६ पासून लांब. म्हणजे गायीचं दूध जास्त लागणार, हे पेन न उचलता कळतं. मग उत्तरात म्हशीचं दूध जास्त आलं तर कुठेतरी क्ष आणि य ची अदलाबदल झाली आहे. आणि एखादं उत्तर ऋण आलं तर बहुधा दिलेल्या मालांतून न होणारं मिश्रण मागितलं आहे, किंवा एखादा आकडा चुकीचा उतरला आहे. ३.५ फॅटच्या दोन कॅनमधून ४.५ फॅटचं दूध कुणालाच करता येणार नाही. तिथे निश्चयक शून्य येतो आणि आलेखावर दोन समांतर रेषा दिसतात.

फुलीची पद्धत आणि भास्कराचार्य

वरच्या अंदाजातूनच एक झटपट रीत निघते. ४.५ आणि ३.५ मधला फरक १. तो म्हशीच्या दुधाचा भाग. ६ आणि ४.५ मधला फरक १.५. तो गायीच्या दुधाचा भाग. १ : १.५ म्हणजे २० : ३०. डेअरीच्या अभ्यासक्रमात याला पिअर्सनचा चौकोन म्हणतात आणि स्पर्धा परीक्षांची मुलं फुली मारून हेच करतात.

ही रीत भास्कराचार्यांच्या लीलावती या जुन्या गणितग्रंथात आहे, हे मुलांना सांगताना मला दर वेळी आनंद होतो. त्यातल्या मिश्रव्यवहाराच्या भागात सुवर्णगणित येतं. सोन्याचा कस तिथे ‘वर्ण’ या मापात मोजलेला आहे, १६ वर्ण म्हणजे शुद्ध सोनं. एक उदाहरण असं: १६ वर्णाची आणि १० वर्णाची अशा दोन गोळ्या आटवून १२ वर्णाचं सोनं झालं, तर प्रत्येकीचं वजन सांग. फरक घ्या: १२ − १० = २ आणि १६ − १२ = ४. म्हणून २ मासे आणि ४ मासे (मासा हे सोनं तोलायचं जुनं वजन). ताळा: ३२ + ४० = ७२, आणि ६ × १२ = ७२.

पण नीट पाहिलं तर इथे एकूण वजन दिलेलंच नाही. घटकाचं एकच खातं आहे. त्यामुळे २ आणि ४ हे उत्तर म्हणजे खरं तर १ : २ हे गुणोत्तर. १ आणि २ मासे घेतले तरी चालतील, १० आणि २० घेतले तरी. एका समीकरणातून दोन अज्ञात संख्या ठाम मिळत नाहीत, हे याहून सोप्या शब्दांत मला सांगता आलेलं नाही.

त्याच भागातलं दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं. १३, १२, ११ आणि १० वर्णाचं सोनं अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे आटवलं. घटकाचं खातं: १३० + ४८ + २२ + ४० = २४०. मालाचं खातं: २० मासे. म्हणून वर्ण १२. पुढे विचारलं आहे, शुद्ध करताना हे २० मासे १६ मासेच उरले तर वर्ण किती? हीण जळालं, सोनं तेवढंच राहिलं. म्हणजे मालाचं खातं २० वरून १६ वर आलं, घटकाचं २४० वरच थांबलं. २४० भागिले १६ म्हणजे १५ वर्ण. दोन खाती वेगळी का ठेवायची, ते इथे लख्ख दिसतं. या गणिताच्या परंपरेचा एक धागा आपल्याच मातीतला आहे: चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापल्याची नोंद आहे.

आजच्या सराफाचं गणित तेच आहे, फक्त शुद्ध सोनं २४ कॅरेटचं. २४ आणि १८ कॅरेटचं सोनं आटवून २२ कॅरेटचं ३० ग्रॅम हवं: क्ष + य = ३०, २४क्ष + १८य = ६६०. सोडवून पाहा, २० आणि १० ग्रॅम येईल.

फुलीची पद्धत इतकी सोपी आहे तर समीकरणं कशाला? मी सुरुवातीची काही वर्षं आधी फुलीच शिकवत असे. परीक्षेच्या वेळी मुलं गुणोत्तर उलटं लिहून यायची, आणि उदाहरण जरा वळवून विचारलं की हात टेकायची. दोन खाती आधी पक्की झाली की फुली कधीही शिकता येते. पुढची उदाहरणं त्यासाठीच घेतली आहेत.

पाणी, शुद्ध पदार्थ आणि भाव

मिश्रणात पाणी घातलं तर तक्त्यात पाण्याचे टक्के ०. शुद्ध पदार्थ घातला तर १००. रकाना रिकामा सोडू नका, शून्य लिहा. जागतिक आरोग्य संघटनेने हात निर्जंतुक करण्याच्या द्रावणाची जी कृती दिली आहे, तिच्यात १० लिटर द्रावणासाठी ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८३३३ मिली घ्यायला सांगितलं आहे. हा विचित्र आकडा आला कुठून? शेवटी ८० टक्के इथेनॉल हवं, म्हणजे १० लिटरमध्ये ८ लिटर. ०.९६क्ष = ८. क्ष = ८.३३३ लिटर.

याच कृतीत बाकीचं पाणी मोजून घालायला सांगितलेलं नाही, १० लिटरच्या खुणेपर्यंत भरायला सांगितलं आहे. कारण इथेनॉल आणि पाणी मिसळल्यावर आकारमान थोडं आकसतं. ५० मिली आणि ५० मिली मिळून १०० होत नाहीत, सुमारे ९६ मिली भरतात. वजनांची बेरीज मात्र चोख राहते. शाळेच्या उदाहरणांत ही घट धरत नाहीत, तुम्हीही धरू नका. पण प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात काम कराल तेव्हा मालाचं खातं शक्यतो वजनात ठेवा.

किराण्याच्या गणितात टक्क्यांच्या जागी भाव येतो आणि घटकाच्या जागी रुपये. समजा ७० रुपये किलोचा आणि ५५ रुपये किलोचा तांदूळ मिसळून ६० रुपये किलोचा ३० किलो करायचा आहे. क्ष + य = ३०, ७०क्ष + ५५य = १८००. उत्तर १० आणि २० किलो. नवीन असं काहीच नाही.

काढून घालायचं गणित

यात हुशार मुलंही फसतात. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये १२ लिटर द्रव आहे, त्यात कूलंट ४० टक्के. थोडा द्रव काढून तेवढंच शुद्ध कूलंट घालायचं आणि प्रमाण ५० टक्के करायचं. किती काढावं?

द्रव काढताना पाणी आणि कूलंट दोन्ही बाहेर जातात, हे विसरलं की गणित फसलं. सोपा उपाय असा: काढलेल्याचा विचारच करू नका. उरलेला द्रव क्ष लिटर आणि घातलेलं कूलंट य लिटर माना. मग हे साधंच मिश्रण झालं, ४० टक्क्यांचं आणि १०० टक्क्यांचं:

क्ष + य = १२
०.४क्ष + य = ६

वजा केलं की ०.६क्ष = ६, क्ष = १०, य = २. म्हणजे २ लिटर काढून २ लिटर घालायचं.

मालाचं खातं नसेल तेव्हा

खताचं गणित शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना मी आवर्जून देते. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन). डीएपी या खतात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस). समजा, माती परीक्षणानंतर एकरी ५० किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद द्यायचं ठरलं. डीएपी क्ष किलो, युरिया य किलो.

मुलं लगेच लिहितात: क्ष + य = ७३. थांबा. ५० आणि २३ हे खताचे किलो नाहीत, खतातल्या अन्नद्रव्यांचे आहेत. एकूण खत किती टाकायचं हे कोणी सांगितलेलंच नाही, म्हणून मालाचं खातं इथे उघडायचं नाही. त्याऐवजी घटकांची दोन खाती आहेत:

नत्र: ०.१८क्ष + ०.४६य = ५०
स्फुरद: ०.४६क्ष = २३

दुसऱ्यातून क्ष = ५०. पहिल्यात घालून ९ + ०.४६य = ५०, य = ४१ ÷ ०.४६, साधारण ८९ किलो. डीएपीची गोणी ५० किलोची आणि युरियाची ४५ किलोची येते. म्हणजे डीएपीची एक आणि युरियाच्या दोन गोण्या. युरिया ९० किलो झाला तर नत्र ५०.४ किलो पडतं, शेतात एवढा फरक चालतो. उत्तर गोण्यांत सांगितलं तरच ते घरी उपयोगाचं.

यापुढचं एक उदाहरण तुमच्यासाठी ठेवते. एकरी नत्र ६० किलो, स्फुरद ३६ किलो आणि पालाश (पोटॅश) १३ किलो द्यायचं आहे. घरात १०:२६:२६, डीएपी आणि युरिया अशी तीन खतं आहेत. गोणीवरचे तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के. घटक तीन, म्हणून खाती तीन आणि अज्ञात संख्याही तीन. तीन चलांना घाबरू नका. पालाश फक्त एकाच खतात आहे, त्या खात्यापासून सुरुवात करा, मग स्फुरद, शेवटी नत्र. १०:२६:२६ ची ५० किलोची एक गोणी, डीएपीची एक गोणी आणि युरिया १०० किलो आला तर तुमची तिन्ही खाती जुळली.